डाव्या स्पीकरातलं कासाळं

मित्रांनो, जोडीतल्या डाव्याची चौकशी सहसा कोणी करत नाही, म्हणून माझी ओळख मीच करून देतो. मी एक जुना स्पीकर आहे, गाणी ऐकायच्या दोन लाकडी खोक्यांपैकी डावा. उजवा माझा भाऊ. तो इथंच शेजारी आहे, पण सध्या त्याच्या डोक्यावर क्रोटनची कुंडी ठेवलेली असल्यामुळे त्याचा बोलायचा मूड नाही. डिचोली तालुक्यातल्या पाळी गावात, बाबलीच्या घराच्या बाल्कांवात आम्ही दोघं बसून आहोत. बाल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओटी. तिला छप्पर आहे, एवढं आमचं नशीब.

आयुष्यभर मी दुसऱ्यांचं बोलत आलो. गवयांचं बोललो, नाटकातल्या राजांचं बोललो, बातम्याही सांगितल्या. पण स्वतःचं एक अक्षर मला कधी काढता आलं नाही. तार जोडली आणि पलीकडून कोणी काही पाठवलं, तरच माझं तोंड उघडतं. एरवी याचं मला काही वाटलं नसतं. स्पीकरच्या जातीला हे चालतंच. पण या घरातली एक गोष्ट अशी आहे, की ती फक्त मला ठाऊक आहे, आणि ती सांगता येत नाही म्हणून माझा जीव नुसता आत तडफडतो.

माझा जन्म जपानातला, असं माझ्या पाठीवरची चिकटपट्टी सांगते. मला तिथलं काही आठवत नाही. बाहेरून लाकडाचं खोकं, पुढे काळ्या कापडाची जाळी. आत खाली मोठा कागदी वूफर आणि वर रुपयाएवढा रेशमी ट्विटर. ढोल, घुमट, पुरुषांचे भरदार गळे हे वूफरचं काम. पैंजण, झांज, बांगडी, असं जे जे बारीक किणकिणतं ते ट्विटरचं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वास्कोच्या एका तारवट्यानं, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसानं, आम्हाला जहाजातून आणलं. त्याच्या बायकोला आमच्या जागी कपाट हवं होतं. त्यामुळे थोड्याच दिवसांत आम्ही बाबलीचे झालो. बाबली मूळचा दोडामार्गकडचा. पाळीच्या खाणीवर खनिज चाळायच्या प्लांटवर कामाला लागला आणि इथलाच होऊन गेला. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. तो आणि सुमंगला आम्हाला घ्यायला वास्कोला आली आणि येताना दोघांनी आम्हाला बसमध्ये मांडीवर घेतलं. उजवा बाबलीच्या मांडीवर, मी सुमंगलाच्या.

कंडक्टरनं विचारलं, "ह्या खोक्यांचां तिकीट कोण काढतलो?"

"मांडयेर बसलेल्या पोरांक तिकीट खंय नसता?" सुमंगला म्हणाली आणि तिनं पदराचं टोक माझ्या जाळीवर ओढून घेतलं. सगळी बस हसली. कंडक्टर पुढे गेला. त्या दिवसापासून मी स्वतःला तिचाच समजत आलो.

आमचे कामाचे दिवस फार थाटाचे होते. बाबली प्लांटवरून यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन. आंघोळ झाली की पहिलं काम आम्हाला मऊ फडक्यानं पुसायचं, मग जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, आपल्या कदेलावर बसायचं. ती खुर्ची त्यानं मुद्दाम आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये, समोर मांडलेली होती. तिथं दुसऱ्या कोणी बसायचं नाही. शेजारपाजारचे ऐकायला यायचे, जाताना आमच्या डोक्यावर थाप मारून "काय आवाज, काय आवाज" म्हणायचे. आवाजाच्या बाबतीत या घरात बाबलीचा शब्द शेवटचा होता. त्याची मुलगी गौरवी लहान असताना डोळे मिटून गाणं ऐकायला त्यानंच तिला शिकवलं.

आमचा एकच वैरी होता, खाणीची लाल धूळ. पाळीत ती सगळ्यात शिरते. भातात शिरते, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरते, भिंतीवरच्या देवाच्या फोटोत काचेच्या आतसुद्धा शिरते. त्यामुळे काही बिघडलं की पाळीचा माणूस आधी धुळीला शिव्या देतो. बहुतेक वेळा त्यात तथ्यही असतं. प्लांटवर धुळीबरोबर आणखीही काही होतं, दिवसभर चाळणीवर आदळणाऱ्या दगडांचा कडकडाट. पण कडकडाट अंगाला चिकटत नाही, फडक्यानं पुसता येत नाही, म्हणून त्याचं नाव कोणी घेत नसे.

आता त्या चवथीचं सांगतो. आमच्याकडे गणपतीपुढे घुमट आरती होते. मातीच्या मडक्याला कातडं ओढलेलं घुमट, शामेळ नावाचा ढोल, आणि ताल सांभाळायला कासाळं, म्हणजे काशाची झांज. गावातला आरतीचा मेळ घरोघरी फिरतो. त्या वर्षी कासाळं वाजवणाऱ्या कृष्णनाथानं गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना कोयत्यानं आपलंच बोट कापून घेतलं. मेळ तर दारात येऊन बसलेला. कासाळ्याशिवाय आरती म्हणजे मिठाशिवाय पेज. तेव्हा सुमंगला रांधपातून, म्हणजे स्वयंपाकघरातून, हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "हाडा हंय. मी वाजयतंय."

तेव्हा बायका मेळात बसत नसत. दोनचार म्हाताऱ्यांनी भुवया चढवल्या. बाबलीनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. तो आपल्या टेपची दोन माइकं मांडत होता, एक उजवीकडे घुमटांपाशी आणि एक डावीकडे, सुमंगलाच्या पुढ्यात. म्हणून त्या टेपमध्ये घुमट, शामेळ आणि पुरुषांचे गळे उजव्याच्या वाट्याला आले, आणि कासाळं माझ्या. तिनं सुंदर वाजवलं. शेवटी मात्र एक गंमत झाली. सगळे थांबले, घरात शांतता झाली, आणि सुमंगलाच्या हातून एक ठोका जास्तीचा निसटला. अगदी हलका, किण्ण. आणि आपली चूक कळून ती खुदकन हसली. तेही टेपमध्ये आलं.

तो ठोका बाबलीच्या जिवाचा तुकडा होता. पुढे प्रत्येक रविवारी ती टेप लागायची. आरती संपत आली की बाबली उजव्या हाताचं बोट हळूच वर करायचा, आणि बोट वर गेल्या गेल्या माझ्यातून किण्ण वाजायचं, मग हसू. आतून खरी सुमंगला ओरडायची, "बंद कर मेल्या तां! सगळ्या गावाक आयकयतंस माझी चूक!" पण तिलाही ते आवडायचं. नाहीतर टेप लागली की ती रांधपातली भांडी घासायची कशाला थांबली असती?

एका शिगम्याच्या तोंडावर सुमंगला गेली. थोडं दुखणं झालं आणि गेली. मेळ पुढच्या चवथीला या दारावरून न वाजवता पुढे गेला. टेप झिजत चालली होती म्हणून गौरवीनं पणजीहून ती पेनड्राइव्हवर उतरवून आणली. ती तिथं नोकरीला आहे, रविवारी घरी येते. बाबलीचं रविवारचं ऐकणं सुरूच राहिलं. बोट वर, ठोका, हसू. आता आतून ओरडणारं कोणी नव्हतं, तेवढाच फरक.

आणि मग एका रविवारी बोट वर गेलं, मी नेहमीसारखा ठोका वाजवला, सुमंगला हसली, आणि बाबलीचं बोट तसंच वर राहिलं.

त्यानं पुन्हा लावलं. मी पुन्हा वाजवलं. तो उठून माझ्यापाशी आला, खाली बसला, माझ्या जाळीला कान लावला. मी जीव तोडून वाजवलं, मित्रांनो. माझा ट्विटर धडधाकट होता, ठोका स्वच्छ निघत होता. पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"हसता ती आयकाक येता," तो स्वतःशी म्हणाला, "पण कित्याक हसता ताच गेलां. धूळ गेलेली आसतली भुतूर."

झालं. दोष धुळीवर गेला, म्हणजे माझ्यावर आला. बाबलीनं माझी जाळी काढली, दाढीच्या नव्या ब्रशानं मला आतून झाडलं. मग आमच्या तारा अदलून बदलून लावल्या. आता कासाळं उजव्यातून वाजू लागलं. तिथंही त्याला ते ऐकू आलं नाही. दुसऱ्या कुणाला इथं शंका आली असती. बाबलीनं निकाल दिला, "दोगांयकय एकदम धूळ लागली!"

पाळीच्या माणसाशिवाय ही चूक दुसरा कोण करणार? तीस वर्षं सगळ्या बिघाडाचं एकच कारण डोळ्यांना दिसलेलं, लाल आणि बोटाला लागणारं. जे दिसत नव्हतं ते रोज कानावर आदळत राहिलं, आणि कान कधी लाल झाले नाहीत. मला ते हळूहळू कळत होतं. मोबाइल मेजावर किणकिणत राही आणि तो शेजारी पेपर वाचत बसे. कुकरची शिट्टी होऊन होऊन भात करपे. फाटकाची कडी कोणी वाजवली तर तो मान वर करत नसे. पण पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून त्याचा जाड आवाजाचा भोंगा वाजवत आला की हा तेवढा लांबून ऐके आणि पिशवी घेऊन निघे.

गौरवी एकदा बोलून गेली, "बाबा, तुका कमी आयकाक येता काय रे?"

"माका?" बाबली उसळला. "पदेराचो पोंपों माका तो तिठ्यार आसताना आयकाक येता! माझ्या कानांक काय धाड भरलीहा? ह्ये खोकेच म्हातारे झाले."

तिनं विषय तिथंच सोडला. ज्यानं ऐकायला शिकवलं त्याच्या कानावर शंका घ्यायची तरी कशी? आणि मी तिथंच, चार हातांवर. मला ओरडायचं होतं, अगो बाय, खोके नाहीत म्हातारे! पण माझ्याकडे कोणी काही पाठवत नव्हतं, आणि माझं माझं असं काही निघत नव्हतं.

नवे स्पीकर घ्यायचं ठरलं. पणजीतल्या एका दुकानाचा सर्वेश म्हणून मालक गौरवीच्या ओळखीचा होता. तो जोडी गाडीत घालून घरी घेऊन यायचा, ऐकवून दाखवायचा, पसंत पडली तर ठेवायची. पहिली जोडी आली तेव्हा आमच्या तारा काढून आम्हाला भिंतीला सरकवलं. नवे उंच, चकचकीत, अंगावर धुळीचा कण नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू?

"काका, तुमी आरामात बसून आयकात," सर्वेश म्हणाला. "पसंत पडले नात, तर हांव परत व्हरतां."

बाबली कदेलावर बसला. आरती सुरू झाली. नव्यांनी ती छानच वाजवली. शेवटचा ठोका तर असा निघाला की मी क्षणभर राग विसरलो. पण बाबली मान हलवत होता.

"ना. ह्यांतूय नाय. घुमट बरा वाजता, पण कासाळां खंय?"

सर्वेश गोंधळला. गिऱ्हाइकाला वेडा ठरवणं दुकानदाराच्या धर्मात बसत नाही, म्हणून तो म्हणाला, "टेप जुनी काका, उतरवताना कायतरी गेलें आसतलें. हांव आनीक बरी जोडी हाडटां." गौरवी तेव्हा आत चहा करत होती. ती त्या दिवशी बाहेर बसली असती तर सगळंच वेगळं झालं असतं.

पुढच्या रविवारी दुसरी जोडी आली. या वेळी गौरवी खाली जमिनीवर, बापाच्या पायाशी बसली. लहानपणी बसायची तशीच, डोळे मिटून. आरती चढत गेली, थांबली. शांतता. किण्ण. हसू.

गौरवीचे डोळे भरून आले. "आई!" ती म्हणाली. "बाबा, आई थंयच बसलीहा रे! तो ठोको बघ कसो आयलो!"

सर्वेशही हसला. "आयच्या हातांतल्यान निसटलो तो काका, न्ही? कितें क्लीयर!"

बाबलीच्या तोंडाकडे फक्त मी बघत होतो. भिंतीला टेकून उभा होतो, तिथून ते मला नीट दिसत होतं. आधी तो काही तरी बोलायला गेला. मग त्यानं गौरवीकडे बघितलं, मग सर्वेशकडे. दोघांनीही ऐकलं होतं. म्हणजे ठोका होता. म्हणजे मागल्या जोडीतही होता. मग त्यानं हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात सगळं होतं. त्याला कळलं, मित्रांनो. आता तो सांगणार, असं मला वाटलं. गौरवीनं डोळे पुसले आणि विचारलं, "आयकलंस मां?"

"आयकलंय," बाबली म्हणाला. "बरी वाजतत. ठेव ही."

मुलीच्या तोंडावर इतका आनंद होता की त्याच्यानं तो मोडवला नाही. गौरवीनं हौसेनं पुन्हा एकदा लावलं. या वेळी बाबलीनं सवयीप्रमाणे बोट वर केलं. पण बोट सुमंगला हसल्यावर वर गेलं, ठोक्याच्या आधी नाही. गौरवीचे डोळे मिटलेले होते. सर्वेश तारा गुंडाळत होता.

सर्वेश आम्हाला मोडीत न्यायला तयार होता. बाबलीनं नको म्हटलं. म्हणून आम्ही बाल्कांवात आलो, उजव्याच्या डोक्यावर कुंडी आली आणि माझी बसायची जागा झाली.

घरात कोणी नसताना एका सकाळी बाबली बाहेर आला. त्याच्या हातात देवघरातलं खरं कासाळं होतं, तेच, सुमंगलानं वाजवलेलं आणि मेळानं मग या घरीच ठेवलेलं. तो माझ्यावर बसला आणि कानापाशी धरून त्यानं ते वाजवलं. अगदी हलकं, तिच्या हातून निसटलं होतं तसं. अंगणातली कोंबडी दचकून पळाली. बाबली वाट बघत राहिला. मग जरा जोरात. मग काशाच्या कडेवर त्यानं बोट ठेवलं, कड अजून थरथरत होती. तेवढंच त्याला मिळालं.

माझ्या लाकडावर हात फिरवत तो म्हणाला, "धूळ तुझ्यात नाय होती रे."

इतक्या वर्षांत कोणी माझी माफी मागितल्यासारखं बोललं नव्हतं. ती मला नको होती. मला हवं होतं, की त्यानं तेच वाक्य आत जाऊन फोन उचलून गौरवीला सांगावं. पण तो कासाळं पुसून आत ठेवायला गेला, आणि फोन किणकिणला तेव्हा तो त्याला ऐकू आला नाही.

यंदाच्या चवथीला मेळ पुन्हा या घरी वाजला. गौरवीनं हट्ट धरला होता, की कासाळं ती वाजवणार. आता कोणी भुवया चढवत नाही. मी जनेलातून सगळं बघत होतो. बाबली आपल्या कदेलावर बसला नाही. तो जमिनीवर, थेट गौरवीच्या समोर बसला आणि आरतीभर तिच्या हातांवरून त्याची नजर हलली नाही. आरती संपली. सगळे थांबले. गौरवीनं बापाकडे बघून, आईच्या आठवणीनं मुद्दाम, एक हलका ठोका जास्तीचा मारायला हात उचलला. बाबलीचं बोट वर गेलं. अगदी वेळेवर. किण्ण.

"कान अजून तयार आसत हां बाबलीचे!" कृष्णनाथ म्हणाला. सगळे हसले. गौरवी सर्वांत जास्त हसली, तिच्या मनातली उरलीसुरली शंका त्या क्षणी पुसली गेली असणार. बाबलीही हसला. मी बाल्कांवात, तार नाही, आवाज नाही, कुणी विचारणारं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्यानं शेवटी सांगायचं असतं. मला नाही जपलंत तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी म्हणालं, की टीव्ही बिघडला, रेडिओत दम राहिला नाही, हल्ली सगळे पुटपुटतात, तर टीव्हीला थापट्या मारू नका आणि त्या माणसाला हसूही नका. तो समोर बघत असताना काही कळणार नाही, तो तुमचे ओठ वाचेल, हात वाचेल, आणि तुमचं मन मोडू नये म्हणून हो म्हणेल. पणजीला कानाचे डॉक्टर आहेत, कानात बसवायची बारीक यंत्रं आहेत. कुणी सांगावं, बाबलीचा तो ठोका अजून कुठे तरी वाट बघत असेल.

तुम्ही फक्त त्या माणसाच्या मागे जाऊन उभे राहा, आणि हळू आवाजात एक हाक मारा. एवढंच करायचं आहे. मला तेवढंही जमत नाही.